जुनी पिकअप, खारा वारा आणि घरचं गॅरेज: वाचक विचारतात, मेस्त्री सांगतात

जुन्या गाड्यांवर प्रश्न पाठवा असं मागच्या अंकात म्हटलं होतं, तर सगळ्यात जास्त प्रश्न जुन्या पिकअपचेच आले आणि तेही बहुतेक किनाऱ्यावरच्या गावांमधून. त्यातले काही निवडून उत्तरं देतोय. पहिलं उत्तर लांबलंय कारण बाकीच्यांनाही ते लागणारच आहे.

प्रश्न (देवगड): मेस्त्री काका नमस्कार. बाबांची २००४ ची पिकअप आहे. आधी तिच्यावर आंब्याच्या पेट्या नेल्या, मग काही वर्षं जेटीवरून मासे ओढले, आता पाचेक वर्षं मांगराच्या बाजूला उभी आहे. हौद्याला भोकं पडलीत, फाळक्याची बिजागरी जाम झाली, केबिनमध्ये मॅट उचलली की खालची जमीन दिसते. मित्राकडे वेल्डिंग मशीन आहे म्हणून घरीच करायची म्हणतोय. मामा म्हणतो भंगारात घाल. आधी कलर मारून घेऊ का, म्हणजे कामाला हुरूप येईल?

उत्तर: कलर आधी अजिबात नको रे बाबा. कलर शेवटी. आणि मामाचं म्हणणं खरं की खोटं ते चेसिस, म्हणजे गाडीचा खालचा लोखंडी सांगाडा, सांगेल, आपण नाही.

तुझ्या गाडीने मासे ओढलेत हे महत्त्वाचं आहे. नुसत्या खाऱ्या वाऱ्याने गाडी हळूहळू सडते पण बर्फाचं वितळलेलं पाणी, मीठ आणि माशांचं पाणी हौद्यातून खाली गळत राहतं ते थेट चेसिसवर, पाट्या म्हणजे पट्टीच्या स्प्रिंगा जिथे लटकतात त्या हँगरवर आणि ब्रेकच्या पायपांवर पडतं. हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून स्वतःच विरघळायला लागतं, पावसाळ्यात डब्यातल्या मिठाला पाणी सुटतं ना तसंच. आपल्याकडे वर्षातला बराच काळ हवा त्याच्या वरच असते, म्हणजे पत्र्याच्या सांदीत मीठ बसलेलं असेल तर ती जागा गाडी मांगरात उभी असली तरी ओलीच राहते. म्हणून पाच वर्षं गाडी चालली नाही म्हणजे ती टिकली असं समजू नकोस.

आता काम. हौदा चार-सहा माणसं लावून काढून ठेव, बोल्ट निघणार नाहीत, ते कापायला लागतील, कापून टाक, त्यात जीव अडकवू नको. मग गोड्या पाण्याने अख्खी चेसिस धू. समुद्राजवळच्या विहिरीला खारटपणा असेल तर ते पाणी वापरू नको, नळाचं घे. दोन-तीन दिवस कडक उन्हात वाळू दे. त्यानंतर लहान हातोडी आणि जुना जाड स्क्रूड्रायव्हर घेऊन खाली झोप आणि पुढून मागेपर्यंत वीत-वीत अंतरावर ठोकत जा. चांगल्या लोखंडाचा टणटणीत आवाज येतो, सडलेल्या जागी भद्द वाजतं आणि गंजाचे पापुद्रे तोंडावर पडतात म्हणून चष्मा लावायचाच. भद्द वाजलं तिथे स्क्रूड्रायव्हर जोर देऊन दाबायचा, आत शिरला तर खडूने गोल कर. केबिनच्या मागे जिथे हौद्याचे ब्रॅकेट बसतात ती जागा, मागच्या पाट्यांचे हँगर आणि शॅकल, स्टिअरिंग बॉक्स जिथे बसतो ती जागा आणि चेसिसच्या आडव्या पट्ट्यांचे सांधे, एवढं नीट बघ.

हँगर किंवा स्टिअरिंग बॉक्सच्या आसपास खडूचे गोल आले तर मित्राचं मशीन बाजूला ठेव. तिथलं वेल्डिंग सुटलं तर घाटात गाडी हातात राहत नाही, ते काम चेसिसचं काम रोज करणाऱ्याकडे न्यायचं, मग तो कोल्हापूरला असला तरी चालेल. आणि दोन्ही बाजूंच्या मुख्य पट्ट्या जागोजागी गेल्या असतील तर मामा बरोबर आहे. पण केबिनचा तळ, दाराच्या खालच्या कडा, बॅटरीचा ट्रे, हौद्याचा पत्रा, हे सगळं घरी होतं आणि चांगलं होतं. तुझ्या वर्णनावरून मला वाटतं गाडी वाचेल.

वेल्डिंगला बसण्याआधी बॅटरीची निगेटिव्ह केबल काढ, बॅटरी चार्ज करणाऱ्या अल्टरनेटरच्या वायरी काढ, डिझेलची टाकी जवळ असेल तर ती उतरवूनच ठेव. सडका पत्रा चांगला पत्रा लागेपर्यंत कापायचा. सडक्यावर नवीन पत्रा चिकटवून वरून लांबी म्हणजे खड्डे भरायची पुट्टी फासली की दोन पावसाळ्यांत खालून फुगा येतो कारण लांबी पाणी पिते आणि आतला गंज कुठे गेलेलाच नसतो. आपल्या भागात जुन्या गाड्या विकताना हेच सगळ्यात जास्त केलेलं असतं, मला त्याचा फार राग आहे.

जिथे लोखंड शाबूत आहे पण गंज चढलाय तिथे ग्राइंडरला तारेचा कप लावून सुटा गंज काढ, खळग्यांत राहिलेल्यावर रस्ट कन्व्हर्टर मार. त्यात फॉस्फोरिक अ‍ॅसिड किंवा टॅनिक अ‍ॅसिड असतं. टॅनिकवालं मारलं की जागा काळी पडते, हिरडा आणि लोखंडाची जुनी काळी शाई व्हायची तीच क्रिया. डब्यावर लिहिलंय तेवढा वेळ वाळू दे आणि लगेच दोन भागांचा इपॉक्सी प्रायमर मार. उघडं लोखंड रात्रभर ठेवू नको, आपल्या हवेत सकाळी त्यावर तांबूस झाक आलेली असते, म्हणून एका दिवसात जेवढं प्रायमरने झाकता येईल तेवढंच घासायला घे. रेड ऑक्साइड प्रायमर स्वस्त आहे म्हणून तोच मारून गाडी पावसात काढणारे खूप आहेत, पण त्यातून पाणी आत जातं, वरचा कलर नसेल तर तो पावसाळा काढत नाही. दाराच्या तळाला पाणी जायची बारीक भोकं असतात ती मातीने बुजलेली असतात, ती मोकळी कर. नवीन पत्रा मारताना ती बंद करून टाकू नकोस.

इंजिन मात्र ढकलून चालू करू नको. आधी टाकीतलं जुनं डिझेल काढ, तळाला पाणी आणि गाळ असणार, ते पंपात गेलं तर पंप-नोझलचं काम निघतं. ऑइल, दोन्ही फिल्टर, कूलंट बदल, क्रँक पुलीवर पाना लावून इंजिन हाताने दोन फेरे फिरव, अडत नसेल तरच सेल्फ मार.

प्रश्न (हर्णै): जुन्या पिकअपचा अल्टरनेटर गेला म्हणून भंगारातून दुसरा आणून बसवला, चार्जिंग मस्त आहे. पण तेव्हापासून ब्रेकचा पेडल दगडासारखा कडक झालाय, उतारावर दोन्ही पाय ठेवावेसे वाटतात. लायनर नवीन टाकले तरी तेच.

उत्तर: गाडी आजच उभी करा दादा, हे वाचल्यावर बाजारातसुद्धा नेऊ नका. डिझेल इंजिनला पेट्रोलसारखं आपोआप व्हॅक्युम मिळत नाही, म्हणून पेडल हलका करणाऱ्या ब्रेक बूस्टरसाठी वेगळा व्हॅक्युम पंप लागतो आणि बऱ्याच जुन्या डिझेल पिकअपना तो अल्टरनेटरच्याच मागच्या टोकाला बसवलेला असतो. तुम्ही आणलेल्या अल्टरनेटरला मागे तो पंप आहे का बघा. नसेल तर बूस्टरकडे जाणारा जाड पाइप कुणीतरी नुसता बांधून ठेवला असेल. पंप असेल तर त्याला इंजिनमधून ऑइल नेणारा बारीक पाइप जोडलाय का ते बघा, कारण ऑइलशिवाय तो पंप थोड्याच दिवसांत खलास होतो. घरी तपासायला सोपं आहे, इंजिन बंद ठेवून पेडल चार-पाचदा दाबा, मग दाबूनच ठेवा आणि इंजिन चालू करा. पेडल थोडा खाली गेला तर बूस्टर काम करतोय, तसाच राहिला तर व्हॅक्युम येत नाहीये.

ब्रेक उघडलेच आहेत तर ब्रेक ऑइलही बदलून टाका. हे ऑइल हवेतली ओल पितं, मग त्याचा उकळायचा बिंदू खाली येतो आणि आंबा घाट किंवा करूळ घाट उतरताना ब्रेक तापले की पेडल एकदम मऊ पडतो. आपल्या हवेत दर दोन वर्षांनी बदलाच. डब्यावर गाडीला सांगितलेला डॉट ३ किंवा डॉट ४ नंबर बघून घ्या, इंजिन ऑइल किंवा हायड्रॉलिक ऑइलचा थेंबही त्यात नको, रबरं फुगतात.

प्रश्न (वेंगुर्ला): काका, मी आणि माझे मिस्टर जुनी पिकअप घेऊन ती छान सजवायची म्हणतोय, आमच्या होमस्टेला सामान आणायला आणि गेस्टना किनाऱ्यावर फिरवायला. मिलिटरी हिरवा कलर, मोठे टायर, पुढे लोखंडी बुलबार, टपावर एलईडी पट्टी आणि मागे लाकडी हौदा. आरटीओची काही भानगड होईल का?

उत्तर: ताई, गाडी सजवायची हौस चांगलीच आहे, पण यादीतल्या बऱ्याच गोष्टी काढाव्या लागतील, आणि पैसे जायच्या आधी विचारलंत हे बरं केलंत. मिलिटरी हिरवा म्हणजे ऑलिव्ह ग्रीन हा रंग १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणे फक्त संरक्षण खात्याच्या गाड्यांना आहे. दुसरा कुठलाही हिरवा घ्या, पण आरसी बुकात रंग लिहिलेला असतो म्हणून बदलाची नोंद तुमच्या सिंधुदुर्ग आरटीओत करून घ्या. बुलबारवर केंद्राने २०१७ च्या डिसेंबरमध्येच कारवाई करायला सांगितलंय, धडकेत समोरच्या माणसाला तर तो घातक आहेच पण धक्का थेट चेसिसवर जातो म्हणून आतल्यांनाही. टपावरची एलईडी पट्टी समोरून येणाऱ्याला आंधळं करते, आपल्या अरुंद वळणांच्या रस्त्यावर मी ती लावूच देणार नाही.

मोटार वाहन कायद्याचं ५२ वं कलम असं की आरसीत जे लिहिलंय त्यापेक्षा गाडी वेगळी होईल असा बदल करायचा नाही, परवानगी घेऊन जो बदल चालतो तो केल्यावर १४ दिवसांत कळवायचं. जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानेही हेच उचलून धरलं. आणि कायद्यात त्याच वर्षी झालेल्या दुरुस्तीप्रमाणे मालकाने असा बेकायदा बदल केला तर प्रत्येक बदलाला ५००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. मोठ्या टायरचं म्हणाल तर कंपनीने त्या मॉडेलला जी साइज दिली तीच ठेवा. टायर मोठा झाला की वळताना घासतो, स्टिअरिंग जड होतं, क्लच आणि व्हील बेअरिंगवर ताण येतो, ब्रेक कमी पडतात, स्पीडोमीटरही कमी वेग दाखवतो.

गेस्टना हौद्यात बसवायचं मात्र विसरा. मालवाहू गाडीत प्रवासी बसवायची परवानगी नसते, आणि अपघात झाला तर इन्शुरन्सवाले सरळ हात वर करतील. माणसं रिक्षाने न्या, सामान पिकअपने.

लाकडी हौद्याची कल्पना मला फार आवडली. बाहेरची मापं आणि बाजू आहेत तशाच ठेवून आत पत्र्यावर फळ्यांची जमीन करा. साग परवडला तर साग, नाहीतर चांगला वाळलेला ऐन किंवा फणस. फळ्या पत्र्याला घट्ट चिकटवू नका, खाली पट्ट्या देऊन बोटभर जागा सोडा आणि दोन फळ्यांमध्ये फट ठेवा म्हणजे पाणी निघून जाईल आणि धुताना पाइप मारता येईल. स्क्रू स्टेनलेसचे घ्या. होड्यांना मारतात ते काजूच्या टरफलाचं तेल फळ्यांच्या खालच्या अंगाला मारा, वाळवी आणि कीड लांब राहते, पण हातमोजे घाला कारण कातडीवर पडलं तर भाजल्यासारखे फोड येतात. वरच्या अंगाला नको, सामानाला आणि हाताला लागेल.

प्रश्न (गुहागर): पावसाळ्यापूर्वी गाडीखाली जळकं काळं ऑइल मारतात ते योग्य का?

उत्तर: नाही. थोडे दिवस गंज थांबतो हे खरं, पण ते ऑइल रबरी बुश, ब्रेकचे होज आणि बूट फुगवतं, धूळ धरून ठेवतं आणि पहिल्या पावसात खळ्यातून थेट विहिरीच्या वाटेला लागतं. त्याऐवजी मेणासारखं अँटीरस्ट मिळतं ते वाळलेल्या, स्वच्छ चेसिसवर मारा आणि चेसिसची बंद पोकळी असेल तर लांब नळीने तिच्या आतही. काळं डांबरी कोटिंग गंजावर मारू नका, ओल आत कोंडली जाते.

प्रश्न (अलिबाग): दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्या बंद झाल्या म्हणतात, मग जुन्या पिकअपवर खर्च करून उपयोग आहे का?

उत्तर: दहा वर्षांचा तो नियम दिल्ली आणि आसपासच्या भागापुरता आहे, रायगडात नाही. मालवाहू गाडीला पहिली आठ वर्षं दोन वर्षांनी आणि नंतर दरवर्षी फिटनेस म्हणजे गाडी चालवण्यालायक असल्याचा दाखला लागतो, पर्यावरण करही भरायचा असतो. जुन्या गाडीच्या फिटनेसची फी आता बरीच वाढलीय, तेव्हा खर्चाचा हिशेब करण्याआधी पेण आरटीओत गाडीवर किती कर आणि दंड थकलाय ते बघून या. देवगडच्या वाचकाने पण हे आधी करावं.

प्रश्न (मालवण): पत्र्याचं काम गणपतीपर्यंत संपेल. लगेच कलर मारू का? गन आणि कॉम्प्रेसर आहे.

उत्तर: थांबा. हवेत ओल असताना गनने मारलेला कलर दुधाळ पडतो, चमक येत नाही, आणि कॉम्प्रेसरच्या टाकीत साठलेलं पाणी गनमधून पत्र्यावर उडतं त्याचे खड्डे पडतात. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा आपला कलरचा हंगाम. तोपर्यंत इपॉक्सी प्रायमरवर गाडी आत झाकून ठेवा, प्लास्टिक अंगावर चिकटेल असं गुंडाळू नका, खालून हवा खेळू द्या. कलरच्या आधी प्रायमर हलक्या हाताने पाण्याच्या पेपरने घासायचा, गोड्या पाण्याने धुवायचा, ऊन वर आल्यावर म्हणजे दहाच्या पुढे सुरू करायचं आणि तीनपर्यंत शेवटचा हात मारून व्हायला हवा, कारण संध्याकाळी पुन्हा ओल उतरते. गनच्या आधी वॉटर सेपरेटर लावा आणि टाकीचा खालचा कॉक अधूनमधून उघडून पाणी काढत राहा. हार्डनरवाला पीयू कलर घरी मारणार असाल तर तोंडाला रुमाल बांधून भागत नाही, त्याची वाफ फुप्फुसांना कायमचा त्रास देते. पीयू नीट बूथ असलेल्याकडून करून घ्या आणि घरी हौद्यापुरता सिंथेटिक इनॅमल मारा. तो वाळायला वेळ घेतो, पण हौद्यावर उद्या ओरखडे पडले की तुम्ही स्वतःच ब्रश घेऊन दुरुस्त करू शकाल.