तीन रंगांच्या फिती आणि ट्रम्पेटचा गजर

प्रश्न : मी कोल्हापूरची, कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि जपानी शिकते. क्लासमध्ये सेन्सेईंनी कँडीज या 1970 च्या दशकातल्या तीन जपानी गायिकांचं 'होहोएमी गाएशी' ऐकवलं. फार गोड गाणं. घरी येऊन त्यांच्या निरोपाच्या कार्यक्रमाचा अल्बम 'फायनल कार्निव्हल प्लस वन' लावला, तर ट्रम्पेट, दणदणीत ड्रम आणि इंग्रजी गाणी! बाबांनी आतून विचारलं, "कुठला बँड आहे हा?" या त्याच तिघी का? आणि जाता जाता अचानक रॉककडे का वळल्या?

उत्तर : त्याच तिघी. इतो रान, तानाका योशिको आणि फुजिमुरा मिकी. जपानी माणूस त्यांना रान, सू आणि मिकी म्हणूनच ओळखतो. बाबांनी मात्र अगदी नेमकं विचारलं. तो बँडच होता. त्याचं नाव एमएमपी, म्हणजे म्युझिक मेट्स प्लेयर्स. तुझ्या पत्रातला एकच शब्द मला खोडायचा आहे, 'अचानक'.

1991 मध्ये पुण्याहून काही तंत्रज्ञ प्रशिक्षणासाठी कावासाकीला गेले, त्यांच्याबरोबर दुभाषी म्हणून मीही गेले. मी ज्यांच्याकडे खोली घेऊन राहत होते त्या मालकीणबाई संध्याकाळी भाजी निवडताना 'हारु इचिबान' गुणगुणायच्या. हारु इचिबान म्हणजे थंडी सरताना सुटणारा पहिला जोराचा दक्षिण वारा. कँडीजचं त्या नावाचं गाणं 1976 चं. एका रविवारी बाईंचा धाकटा भाऊ जेवायला आला. मला हे गाणं ओळखता येतं म्हटल्यावर तो वरच्या मजल्यावर गेला आणि बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा घेऊन खाली आला. डब्यात पिवळ्या कागदी फितीची एक गुंडाळी होती, कडा पांढरट पडलेली.

4 एप्रिल 1978. टोकियोचं कोराकुएन स्टेडियम, 55 हजार माणसं, कँडीजचा शेवटचा कार्यक्रम. हा भाऊ तेव्हा कॉलेजात होता. रानचा रंग लाल, सूचा निळा, मिकीचा पिवळा. गाणं रंगात आलं की आपल्या आवडत्या मुलीच्या रंगाची फीत मंचाकडे फेकायची, ती हवेत उलगडत जायची. पण फेकण्याआधी गुंडाळीच्या मधली पुठ्ठ्याची नळी काढून टाकायची, कुणाला लागू नये म्हणून. आदल्या रात्री तो आणि त्याचे मित्र पहाटेपर्यंत नळ्या काढत बसले होते. ही एक फेकायची राहून गेली. ती हातात धरून तो मला म्हणाला, "रेकॉर्डवरच्या कँडीज वेगळ्या आणि हॉलमधल्या वेगळ्या. या अल्बमवर तुम्हाला हॉलमधल्या भेटतील." मग त्याने 'फायनल कार्निव्हल प्लस वन' लावला.

त्याचं म्हणणं मला तेव्हाच पटलं, आजही पटतं. 1 सप्टेंबर 1973 ला त्यांची पहिली रेकॉर्ड आली. पहिली दीड वर्षं फारसं कुणी विचारलं नाही. तेव्हा मध्ये सू उभी राहायची. फेब्रुवारी 1975 मध्ये पाचव्या रेकॉर्डला, 'तोशिशिता नो ओतोकोनोको'ला, रानला मध्ये आणलं आणि नशीब फिरलं. टीव्हीवर त्या विनोदी कार्यक्रमांतही असायच्या, खळखळून हसायच्या, हसवायच्या. रेकॉर्डवर तीन मिनिटांची नीटनेटकी गाणी, मागे सभ्य वाद्यवृंद. घराघरात पोचल्या त्या याच कँडीज.

पण गावोगावच्या हॉलमध्ये काही वेगळंच घडत होतं. ऑक्टोबर 1975 मध्ये कुरामाए कोकुगिकानमध्ये, म्हणजे सुमो कुस्त्यांच्या आखाड्याच्या वास्तूत, त्यांनी मोठा कार्यक्रम केला. त्याचा अल्बमही निघाला, नावातच 'दहा हजार माणसांचा कार्निव्हल'. मंचावर त्या परदेशी रॉक आणि सोल, म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचं संगीत, गायच्या. मागे एमएमपीची पोरं, तीही यांच्याच वयाच्या आसपासची, जीव तोडून वाजवायची. त्यात पितळी वाद्यांचा ताफा होता, आणि सगळी गंमत तिथेच आहे. गिटारच्या गोंगाटात तीन मुलींचे आवाज बुडतात. ट्रम्पेट मात्र एक फटका मारून बाजूला होतो, त्या मोकळ्या जागेत आवाज शिरतो, मग पुन्हा फटका. 'अर्थ, विंड अँड फायर' या अमेरिकन बँडचं 'जुपिटर' ऐक. मूळ गाणं 1977 च्या नोव्हेंबरातल्या अल्बमवरचं आणि या तिघी ते पुढच्याच एप्रिलमध्ये कोराकुएनच्या बेसबॉलच्या मैदानात गात आहेत! आणि गातात तेही एकसुरात नाही, तीन पट्ट्यांत, दम न सोडता. हे काही चार महिन्यांत येत नाही. त्यामागे दोन-अडीच वर्षांचे दौरे आहेत.

बँड किती अस्सल होता याचा पुरावा नंतर मिळाला. ट्रम्पेटवाले नित्ता इचिरो आणि मंडळींनी 1979 मध्ये 'स्पेक्ट्रम' हा ब्रास-रॉक बँड काढला आणि जपानी रॉकमध्ये स्वतःचं नाव केलं. याहून बोलकी गोष्ट म्हणजे कोराकुएनवरचं अखेरचं गाणं, 'त्सुबासा', म्हणजे पंख. त्याचे शब्द रानचे आणि चाल एमएमपीच्या कीबोर्डवर बसणाऱ्या वातानाबे शिगेकीची. निरोपाचं गाणं बाहेरच्या नामवंताकडून न घेता गाणारीने आणि मागे वाजवणाऱ्याने मिळून केलं. म्हणून मला हा गायिकांचा अल्बम वाटत नाही. तो एका बँडचा अल्बम आहे, ज्यात तिघीजणी गात होत्या.

प्रश्न : कँडीजबद्दल वाचलं की दर वेळी 'आम्हाला पुन्हा साध्या मुली व्हायचंय' हे वाक्य येतं. कंपनीने निरोपाच्या जाहिरातीसाठी ते त्यांच्या तोंडी घातलं होतं का? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : नाही. उलट कंपनीलाच धक्का बसला होता. 17 जुलै 1977 ला टोकियोच्या हिबिया उद्यानातल्या खुल्या रंगमंचावर उन्हाळी दौऱ्याचा पहिला कार्यक्रम होता. तिथे भर मंचावर, रडत रडत, एकमेकींना धरून, हेच वाक्य म्हणत त्यांनी सप्टेंबरात थांबतो असं सांगून टाकलं. रान तेव्हा 22 वर्षांची, बाकी दोघी 21. त्या पेशात विशीतल्या मुलींना असा निर्णय स्वतःचा स्वतः घेता येत नव्हता, आणि यांनी तो हजारो माणसांच्या साक्षीने घेतला, म्हणजे मागे फिरायची वाटच राहिली नाही. मला या मुलींचं त्याबद्दल फार कौतुक आहे. पुढे वाटाघाटी झाल्या आणि सप्टेंबरचा एप्रिल झाला. पहिल्या रेकॉर्डपासून शेवटच्या कार्यक्रमापर्यंत मोजले तर 1676 दिवस भरतात. हाच आकडा घेऊन त्यांचा एक रेकॉर्डसंचही निघाला होता.

चाहत्यांची, विशेषतः कॉलेजच्या मुलांची, देशभर संघटना होती. तोवर कँडीजचं एकही गाणं ऑरिकॉनच्या, म्हणजे रेकॉर्डच्या खपाच्या, यादीत पहिलं आलं नव्हतं. या मुलांनी ठरवलं की शेवटचं तरी आणायचंच. 25 फेब्रुवारी 1978 ला आलेलं 'होहोएमी गाएशी' ही सतरावी रेकॉर्ड, आणि तीच पहिली आली. म्हणजे पहिल्या नंबरवर असताना त्यांनी थांबायचं ठरवलं असं झालं नाही. त्या थांबणार म्हणून लोकांनी त्यांना तिथे बसवलं. कोल्हापूरच्या मुलीने असाच समज करून घेतला नसेल ना, म्हणून इथे मुद्दाम लिहिते.

कोराकुएनवर शेवटी त्या म्हणाल्या की आम्ही खरोखर सुखी होतो. सू पुढे अभिनेत्री झाली. इमामुरा शोहेईंच्या 1989 च्या 'ब्लॅक रेन'मध्ये, हिरोशिमानंतरच्या त्या करड्या चित्रपटात, तिने केलेली यासुको पाहिली आणि मी दोन दिवस काही बोलले नव्हते. 21 एप्रिल 2011 ला, भूकंप आणि त्सुनामीनंतर सहा आठवड्यांतच, ती कर्करोगाने गेली, 55 व्या वर्षी. अंत्यविधीत तिचा आधी ध्वनिमुद्रित केलेला आवाज ऐकवला. अंथरुणावरून, थकलेल्या आवाजात, ती भूकंपात गेलेल्यांबद्दल बोलत होती. रान 2019 मध्ये, 41 वर्षांनी, पुन्हा गाऊ लागली.

प्रश्न : 'होहोएमी गाएशी'चं मराठी काय करावं? शब्दकोशात 'हसू' आणि 'परत' एवढंच सापडतं. (एक विद्यार्थी, पुणे)

उत्तर : शब्द सापडले, पण रीत सापडली नाही. जपानमध्ये शुभप्रसंगी कुणी काही दिलं की त्याची परतफेड म्हणून आपणही काही द्यायचं असतं, तिला 'ओइवाई-गाएशी' म्हणतात. आपल्याकडे परतीचा आहेर आहे, अगदी तोच. गाण्यात एक जोडी घर सोडते आहे, आता दोघांचे पत्ते वेगळे होणार आहेत. बांधाबांध चाललीय, अंगभर धूळ आणि काजळी, खिडकीतून वसंताचा वारा. नव्या घराबद्दल परतीचा आहेर द्यायचा, तर तो ती हसूनच पाठवते.

लिहिणाऱ्या आगी योको यांनी या बांधाबांधीत कँडीजच्या जुन्या गाण्यांची नावं लपवून ठेवली आहेत. एकच दाखवते. 1975 च्या शेवटी त्यांचं एक गाणं गाजलं होतं, 'बदामाचा एक्का काही केल्या निघत नाही' असं त्याचं नाव. पत्त्यांवर भविष्य पाहणारी मुलगी पानं उलटते आहे, हवं ते पान येत नाही. आणि इथे, सव्वादोन वर्षांनी, सामान हलवताना तो हरवलेला एक्का कपाटामागे सापडतो. घर सोडायच्या दिवशी. मालकीणबाईंच्या भावाने मला ही ओळ उलगडून सांगितली तेव्हा त्याला पुढे बोलवेना, आणि बाई चहा आणते म्हणून उठून गेल्या.

मी स्वतः भाषांतरात 'हसूच परतीचा आहेर' असं केलं होतं. अक्षरं वाढतात, गाण्याच्या मापात बसत नाही. कोराकुएनच्या अल्बमवरचं तेच गाणं ऐकून बघा, तिथे मागे एमएमपी आहे आणि गाणाऱ्यांचे आवाज मधूनमधून भरून येतात. त्याच्या मापात बसणारं काही सुचलं तर मला जरूर कळवा.