धडधाकट मूल झोपेत गेलं आणि शवविच्छेदनातही कारण सापडलं नाही, तर संशोधक नेमकं काय शोधतात?
संशय मुख्यतः दोन गोष्टींवर असतो: हृदयाच्या लयीतला बिघाड आणि झटके (फिट). हृदय थांबलं की लयीतल्या बिघाडाची खूण मागे राहत नाही. म्हणून जपून ठेवलेल्या रक्तातून हृदयाच्या लयीशी संबंधित आरवायआर२, एससीएन५ए अशी जनुकं तपासतात. सोबत आईवडिलांचीही तपासणी करतात, कारण तोच दोष भावंडांतही असू शकतो.

मला झटक्यांचा धागा जास्त ठोस वाटतो. न्यूयॉर्क विद्यापीठाच्या गटाने २०२४ मध्ये ७ लहानग्यांचे झोपेतले व्हिडिओ तपासले. बहुतेकांत मृत्यूच्या थोडं आधी मिनिटभरही न टिकलेला झटका दिसला. अशी अचानक दगावलेल्या मुलांत पूर्वी तापात झटके येऊन गेल्याचं प्रमाणही जास्त आढळतं. मात्र घाबरू नका, तापात झटके येणारी जवळपास सगळी मुलं ठणठणीत वाढतात.