पाय अडला की ओढू नका

प्रश्न : माझे सासरे ७१ वर्षांचे आहेत. तीन वर्षांपूर्वी त्यांना पार्किन्सन्सचं निदान झालं. रोज सकाळी साडेसहाला ते कमला नेहरू पार्कात फेऱ्या मारत. हल्ली स्वयंपाकघराच्या दारात त्यांचे पाय जमिनीला चिकटल्यासारखे होतात. परवा मी हात धरून पुढे घेतलं, तर ते पडता पडता वाचले. तेव्हापासून घरच्यांनी त्यांचं फिरणं बंद केलंय. बरोबर केलं का? – एक सून, एरंडवणे

उत्तर : ताई, काळजीपोटी केलंत, पण फिरणं बंद करू नका. बसून राहिलं की पाय आणखी आखडतात, तोल आणखी जातो. माझ्या वडिलांना हाच आजार होता. फिजिओथेरपिस्ट असूनही घाईत मी त्यांना दंडाला धरून ओढलं आहे. पाय जागेवर अडकलेले आणि धड पुढे गेलेलं, अशा वेळी माणूस तोंडावरच पडतो.

पाय अडला की आधी थांबू द्या. मग वजन डावीकडे-उजवीकडे झुलवायला सांगा आणि ताल द्या. आम्ही घरी ‘ज्ञानबा-तुकाराम’ म्हणायचो. पालखीत चालून आलेले माझे वडील त्या तालावर लगेच पाऊल उचलत. या आजारात मेंदूतलं डोपामिन हे रसायन कमी होतं आणि आपोआप होणारं चालणं अडखळतं. बाहेरून मिळालेला ताल किंवा डोळ्यांना दिसणारी रेघ तिथे आधार देते. म्हणून स्वयंपाकघराच्या दारापाशी रंगीत चिकटपट्टीच्या तीन-चार आडव्या रेघा एकेका पावलाच्या अंतरावर मारा. ‘रेघ ओलांडा’ एवढंच म्हणायचं.

साडेसहाची वेळ मात्र बदला. पार्किन्सन्सच्या गोळीचा असर चढलेला असताना, बहुतेकांना घेतल्यावर तासाभरात, चालणं सोपं जातं. सासऱ्यांचा तो काळ कोणता, हे आठवडाभर वहीत टिपून ठेवा.

आणि चालणं रमतगमत नको. २०१८ साली अमेरिकेत नुकतंच निदान झालेल्या, औषध सुरू न केलेल्या १२८ रुग्णांवर अभ्यास झाला. आठवड्यातून तीनदा ट्रेडमिलवर जोरात व्यायाम करणाऱ्यांची हालचालीची लक्षणं सहा महिन्यांत जवळपास वाढली नाहीत. व्यायाम न वाढवलेल्यांची वाढली. सासऱ्यांची अवस्था वेगळी, म्हणून थेट तेवढा जोर नको. पण दम लागून गाणं म्हणता येऊ नये, बोलता मात्र यावं, इतका वेग हवा. सुरुवात दहा मिनिटांनी करा. पावलं मोठी, टाच आधी टेकवायची, हात मुद्दाम हलवायचे. वळताना जागच्या जागी गिरकी नको, मोठा वळसा घ्यायचा.

त्याआधी न्यूरॉलॉजिस्टना भेटून हृदयाची तपासणी करून घ्या आणि उभं राहिल्यावर रक्तदाब उतरतो का, तेही पाहायला सांगा. या आजारात तो बऱ्याचदा उतरतो, आणि चक्कर येऊन पडणं पाय अडण्याइतकंच धोक्याचं.

सासूबाई सोबत जात असतील तर उत्तमच. चालताना मात्र त्यांनी भाजीचे भाव विचारू नयेत. एकाच वेळी बोलणं आणि चालणं सासऱ्यांना जड जाईल. गप्पा बाकावर बसल्यावर.