पपेटमधील स्वतःचा रिसोर्स टाइप

प्रश्न : आमच्या अंतर्गत सॉफ्टवेअरमधील खात्यांसाठी मी पपेट या संगणकांची मांडणी आपोआप राखणाऱ्या साधनासाठी रिसोर्स टाइप (सांभाळायच्या गोष्टीच्या प्रकाराची व्याख्या) लिहिला, खाती नीट तयार होतात, परंतु पपेटच्या प्रत्येक फेरीत कोटा बदलल्याची नोंद येते. असे का व्हावे?
– एक वाचक, धरमपेठ, नागपूर

उत्तर : टाइपने अपेक्षित स्थितीचे वर्णन करावे आणि प्रत्यक्ष स्थिती वाचण्याचे व बदलण्याचे काम प्रोव्हायडरने, म्हणजे टाइपच्या जोडीच्या कोडने, करावे, अशी पपेटची रचना आहे. तुमचा दोष बहुधा तुलनेत आहे. मॅनिफेस्टमध्ये (अपेक्षित स्थिती लिहिलेल्या फाइलमध्ये) कोटा '500' असा अवतरणचिन्हांत, म्हणजे स्ट्रिंग (मजकूर) म्हणून, लिहिलेले असेल आणि प्रोव्हायडरची वाचणारी मेथड 500 हा पूर्णांक परत करत असेल, तर पपेटच्या दृष्टीने ही मूल्ये भिन्न ठरतात आणि बदल पुन्हा लादला जातो. टाइपमधील 'मंज' (munge) ब्लॉकमध्ये, म्हणजे दिलेले मूल्य हव्या त्या रूपात बदलणाऱ्या भागात, मूल्याचे पूर्णांकात रूपांतर करावे. माझ्या मते नवा टाइप सलग दोनदा चालवल्याखेरीज स्वीकारूच नये. दुसऱ्या फेरीत एकही बदल नोंदला जाता कामा नये.