अंधार कुठे ठेवलास?

प्रिय दोस्ता,

तुझा दिवाणखान्याचा ड्रॉइंग पाहिला. 12 बाय 16च्या खोलीत 14 डाउनलाइट (छतात बसवलेले, खाली उजेड टाकणारे दिवे), वर कोव्हमध्ये, म्हणजे छताच्या कडेच्या खाचेत, एलईडी पट्टी, आणि ‘ताओवादी शांतता’ म्हणून कोपऱ्यात बांबूची कुंडी. कुंडी आधी काढून टाक, मग दिव्यांचं बोलू.

ताओवादाचा मूळ चिनी ग्रंथ म्हणजे ‘ताओ ते चिंग’. त्याच्या 11व्या प्रकरणात चाकाला 30 आरे आहेत, पण चाक फिरतं ते तुंब्यातल्या पोकळीमुळे. मडकं आत रिकामं म्हणून कामाचं, आणि खोली दारं-खिडक्या कोरल्या म्हणून राहण्याजोगी. चिनी चित्रकारांनी हेच कागद-रेशमावर केलं. दक्षिण सोंग राजवटीच्या काळातला चित्रकार मा युआन चित्राचा एकच कोपरा भरायचा, म्हणून लोक त्याला ‘एक-कोपऱ्या मा’ म्हणत. टोकियोच्या राष्ट्रीय संग्रहालयात त्याचं म्हणून ओळखलं जाणारं एक चित्र आहे. एक होडी, गळ टाकून बसलेला एक माणूस, भोवती पाण्याच्या मोजक्या रेघा. बाकी सगळं कोरं, तरी तळं केवढं मोठं वाटतं!

तुझ्या ड्रॉइंगमध्ये कोरं काहीच नाही.

मीही हेच केलंय. पहिल्याच कामात एका दवाखान्याच्या वेटिंग रूममध्ये छतभर 6500 केल्विनचे, म्हणजे निळसर-पांढऱ्या उजेडाचे, पॅनल ठोकले. लख्ख उजेड पडला, आणि त्यात धडधाकट माणूससुद्धा आजारी दिसायला लागला. 2700 केल्विनचे, पिवळसर उजेडाचे, दोनच दिवे भिंतीवर टाकले असते तर भागलं असतं. पैसेही वाचले असते, पण ते पुढचं.

आज रात्री घरातले सगळे दिवे घालव आणि देवघरातली समई तेवढी राहू दे. वातीकडे बघू नकोस, मागच्या भिंतीकडे बघ. उजेड कुठे संपला ते बोटाने दाखव. येणार नाही, कारण तिथे कडाच नाही. दिव्याखाली अंधार हे आपण टोमणा म्हणून वापरतो, पण समईच्या बुडाशी वाकून बघ: त्या काळ्या वर्तुळामुळेच वरचं पितळ उजळ दिसतं. मग मोबाइलचा टॉर्च छताकडे करून तीच खोली बघ, आणि नंतर जमिनीवर, खुर्चीच्या मागे ठेवून. खोली एकच, पण तिन्ही वेळा तिचा आकार बदलतो.

जपानी-अमेरिकन शिल्पकार इसामू नोगुची 1951 साली जपानमधल्या गिफू शहरात गेला, तिथले कागदी कंदील पाहिले आणि त्यातून त्याचे ‘अकारी’ दिवे झाले. बांबूच्या काड्या, तुतीच्या सालीचा कागद, आत पोकळी. त्याला ताओवादी म्हणण्याचा अट्टहास नको, पण कागदातून गाळून आलेला उजेड बघायचा असेल तर दिवाळीत आपला आकाशकंदील आहेच.

आता 14पैकी 10 डाउनलाइट खोड. उरलेल्या चारांत एक सोफ्याच्या बाजूला वाचायला, एक चित्रावर. दोन कुठे ते तू ठरव. आणि यावेळी ड्रॉइंगवर दिव्यांच्या खुणा करण्याआधी काळ्या पेन्सिलने अंधाराच्या जागा रंगव. शनिवारी तोच कागद घेऊन ये, लॅपटॉप नको.

तुझा,
दादा