वाचक विचारतात: स्पितीला नेमकं कुठून चढायचं?

प्रश्न (बोरिवली): सप्टेंबरमध्ये आम्ही चौघं हिमाचलमधल्या स्पितीला निघालोय, वयं ३४ ते ६१. मुंबईहून मुंबईपर्यंत दहा दिवस आहेत. मनालीहून काझा (स्पितीतलं मुख्य गाव) जेमतेम दोनशे किलोमीटर, सिमल्याहून दुपटीहून जास्त. तरी सगळे सिमल्याकडूनच जा म्हणतात. का?

उत्तर: किलोमीटर बाजूला ठेवा, रात्री किती उंचीवर झोपणार ते बघा. मनाली २,०५० मीटरवर. तिथून एका दिवसात कुंझुम खिंड (सुमारे ४,५५० मीटर) ओलांडून काझाला (सुमारे ३,६५० मीटर) मुक्काम, किंवा त्याहून वाईट म्हणजे चंद्रताल तलावाजवळ ४,२५० मीटरवर. आदल्या दिवशीपर्यंत समुद्रकाठी असलेल्या शरीराला ही उडी झेपत नाही. तीन हजार मीटरनंतर झोपण्याची उंची रोज सरासरी पाचशे मीटरपेक्षा जास्त वाढू नये. सिमल्याहून जाणारा किन्नौरचा रस्ता हे आपोआप सांभाळतो.

सकाळच्या विमानाने चंदीगड, रात्री नारकंडा (२,७००). दुसऱ्या दिवशी कल्पा (२,९६०), तिसरा दिवस तिथेच. चौथ्या दिवशी नाकोला (३,६६०) जेवा, पण झोपायला ताबोला (३,२८०) उतरा. सन ९९६ मधला मठ सकाळी निवांत बघा आणि मग काझा. सहाव्या दिवशी की मठ आणि किब्बर, हिक्किम ही गावं बघून पुन्हा काझातच मुक्काम. सातवा राखीव. आठव्या दिवशी चंद्रताल, नवव्या दिवशी मनाली, दहाव्या दिवशी चंदीगड आणि रात्रीचं विमान. पिन खोरं यात बसत नाही. हौसेने कोंबलंत तर तो राखीव दिवस जातो, आणि नाकोपुढे मलिंगजवळ एखादी दरड आली की पुढचं सगळं वेळापत्रक कोसळतं.

प्रश्न (दादर): डायमॉक्स (उंचीचा त्रास टाळण्याची गोळी) सगळ्यांनीच घ्यावी का? बाबांना रक्तदाब आहे. शिवाय ऑक्सिजनचे छोटे कॅन घ्यायचे का?

उत्तर: गोळी डॉक्टरांना विचारूनच. सल्फाची अॅलर्जी असेल तर आधी सांगा, आणि बाबांच्या गोळ्यांची चिठ्ठी सोबत न्या. रक्तदाबाच्या काही गोळ्या मुळातच लघवी वाढवतात, डायमॉक्सही तेच करते. नेहमीचं प्रमाण १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, चढायच्या आदल्या दिवसापासून. बोटांना मुंग्या येतात, घाबरू नका.

कॅनवर पैसे घालवू नका, काही मिनिटांत संपतो. डोकं दुखतंय आणि जेवण नको वाटतंय, तर त्या दिवशी वर जायचं नाही. बसल्या जागी धाप लागली, किंवा टाचेला पंजा लावत सरळ रेषेत चालता येईना, तर रात्र असली तरी खाली उतरायचं. कुठे उतरायचं हेही आधीच ठरवा: काझाहून मनालीकडे निघालात तर आधी कुंझुम चढावी लागते, म्हणजे आजाऱ्याला आणखी वर नेणं. ताबोच्या दिशेने जा. चंद्रतालहून मात्र मनालीच्या वाटेवर बातल आणि पुढे ग्राम्फूकडे उतारच आहे. पहिल्या दोन रात्री दारू नाही, झोपेची गोळी तर नाहीच.

प्रश्न (डोंबिवली): स्वतःची छोटी गाडी घेऊन गेलो तर निभेल का?

उत्तर: काझापर्यंत किन्नौरमार्गे निभेल. खरी परीक्षा बातल ते ग्राम्फू या दगडधोंड्यांच्या पट्ट्यात आहे. बुटकी गाडी तिथे खालून घासते. नाल्यांचं पाणी बर्फ वितळून येतं, म्हणून दुपारनंतर चढतं. सकाळी नऊच्या आत पार करा. पहिल्या गिअरमध्ये, एकसारखा अॅक्सिलरेटर ठेवून, मध्ये क्लच न दाबता. पाण्यात बंद पडलीच तर पुन्हा स्टार्टर मारत बसू नका, इंजिनात पाणी शिरलं असेल तर ते कायमचं जाईल. ढकलून किंवा ओढून बाहेर काढा.

मुंबईत आपण रेडिएटरमध्ये बिनदिक्कत साधं पाणी ओततो. चंद्रतालच्या रात्री ते गोठू शकतं. निघण्यापूर्वी गॅरेजमध्ये ते काढून कूलंट आणि पाणी निम्मं निम्मं भरून घ्या, काच धुण्याच्या टाकीतलंही बदला. रेकाँग पिओखाली पोवारीला टाकी भरा, काझात पुन्हा भरा. मध्ये पंपाच्या भरवशावर राहू नका.

प्रश्न (ठाणे): यूपीआय चालतं ना? सोबत खायला काय न्यावं?

उत्तर: नेटवर्क असेल तिथे चालतं, म्हणजे काझाबाहेर बरेचदा नाही. रोख रक्कम न्या, त्यातही शंभराच्या नोटा जास्त. मेतकूट, कोरडी चटणी आणि थेपले घ्या. तांदूळ-डाळ स्वतः शिजवायचा बेत असेल तर प्रेशर कुकर हवाच: किब्बरच्या उंचीवर पाणी साधारण ८६ अंशांनाच उकळतं, उघड्या पातेल्यात डाळ तासाभरानेही टणकच राहते.