जुना रंधा किती जुना आहे, हे कसे ओळखावे?

जुन्या पेटीत सापडलेल्या दोन रंध्यांपैकी लोखंडी रंध्यावर १९१० सालची तारीख ओतलेली आहे, तेव्हा तो त्याच वर्षीचा समजावा का, आणि दोन्ही घासून चकचकीत करावेत का, असे तुम्ही विचारले आहे. घासण्याची घाई मात्र करू नका.

ती तारीख पेटंटची आहे, घडणीची नव्हे. स्टॅन्ली या अमेरिकी कंपनीच्या ‘बेली’ नमुन्याच्या लोखंडी रंध्यांवर पात्याच्या बैठकीमागे १९०२ सालच्या दोन आणि १९१० सालची एक अशा तीन तारखा असतील, तर तो साधारणपणे १९१० ते १९१८ या काळातला असतो. पुढची मूठ बुटकी असणे याला पूरक आहे, कारण उंच मूठ १९२०च्या सुमारास आली. पाते दाबून धरणाऱ्या टोपीचे भोक मूत्रपिंडाच्या आकाराचे असेल, तर ती टोपी १९३३ नंतरची, म्हणजे मागाहून बसवलेली आहे. असे जोडकाम जुन्या रंध्यांत इतके दिसते की एकाच खुणेवर मी कधीच विसंबत नाही.

लाकडी रंधा मला अधिक बोलका वाटतो. त्याचे पुढचे टोक उजेडात तिरपे धरून पाहा. कारागिराचा शिक्का बहुधा मधोमध, एकदाच आणि नेटका मारलेला असतो. मालकांची नावे मात्र कडेला, एकावर एक, कधी तिरपीही उमटलेली दिसतात. पात्यावरचे नाव हे रंधा घडवणाऱ्याचे असेलच असे नाही, कारण इंग्लंडमध्ये शेफील्ड या पोलादासाठी प्रसिद्ध शहरातली पाती स्वतंत्रपणे विकत घेऊन बसवली जात.

नंतर पाचर सैल करून पाते बाहेर काढा. जुने पाते धारेकडे जाड आणि वर पातळ होत गेलेले असते, त्यामुळे काम करताना ते मागे सरकू लागले, तर पाचरीखाली अधिकच घट्ट बसते. धारेच्या उतारावर बारीक रेघ दिसली, तर मऊ लोखंडावर पोलादाची पट्टी भट्टीत जोडलेली आहे असे समजावे. ही रेघ पाहिली की मला त्या लोहाराचे हात दिसू लागतात.

पॉलिश कागदाने लाकडी रंध्याचे टोक घासले, तर शिक्का कायमचा जाईल. कोरड्या ब्रशने धूळ काढावी, पात्यावरचा गंज तेल लावून हलक्या हाताने पुसावा, आणि मुठीजवळचा काळपट, गुळगुळीत झालेला भाग जसाच्या तसा राहू द्यावा.